रान मोकळं, गावं भरलेली : असं उफराटं का?

प्रश्न : माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. या उन्हाळ्यात ते दोन महिने आमच्याकडे मिल्टन कीन्सला राहून गेले. एक दिवस लंडन बघून आम्ही यूस्टनहून गाडीने परत येत होतो. हेमेल हेम्पस्टेड गेलं, बर्कहॅमस्टेड गेलं, आणि ट्रिंगनंतर दोन्ही बाजूंना नुसती शेतं. वडील बराच वेळ खिडकीतून बघत होते. मग म्हणाले, "एवढं हिरवंगार रान, आणि माणूस औषधाला दिसेना. तिकडं लंडनात मात्र पाय ठेवायला जागा नाही. असं उफराटं कसं?" मी म्हटलं, "आबा, नोकऱ्या लंडनमध्ये आहेत." त्यावर त्यांनी विचारलं, "ते कळलं रं. पण पहिली नोकरी तिथंच का निघाली?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन नकाशा उघडला, तर जगभर तोच प्रकार. बांगलादेशात माणसांची दाटी, मंगोलियात माणूस शोधावा लागतो. हे सगळं हवामानामुळे होतं का? आणि मोकळी जागा एवढी पडून असताना सरकारं माणसांना तिकडे का नेऊन वसवत नाहीत?

— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : तुमच्या उत्तरापेक्षा आबांचा प्रश्न वरचढ आहे, हे आधी कबूल करू. 'नोकऱ्या आहेत म्हणून माणसं आहेत' हे खरं, पण ते अर्धंच. माणसं होती म्हणून नोकऱ्या आल्या, हेही तितकंच खरं. कोंबडी आधी की अंडं, तशातली ही गत. आबांनी नेमकं पहिल्या अंड्याबद्दल विचारलं. तिथे पोचायचं, तर आधी वाटेतले दोन-तीन गैरसमज दूर करावे लागतील. सुरुवात गाडीच्या खिडकीपासूनच करू, कारण तिने आबांना थोडं फसवलं आहे.

खिडकीतून इंग्लंड मोकळं वाटलं. हिशेब मात्र वेगळं सांगतो. २०११ साली भारतात आणि इंग्लंडमध्ये एकाच वर्षी जनगणना झाली, त्यामुळे तुलना सोपी आहे. त्या वर्षी भारतात एका चौरस किलोमीटरमागे ३८२ माणसं होती, महाराष्ट्रात ३६५ आणि इंग्लंडमध्ये सुमारे ४०७. म्हणजे त्या वर्षी इंग्लंड भारतापेक्षा आणि महाराष्ट्रापेक्षाही दाट होतं. आबांच्या सातारा जिल्ह्याची सरासरी २८७. तेव्हा इंग्लंड मोकळं आहे ही समजूत आधी सोडून द्यायला हवी. मोकळं बघायचं असेल तर स्कॉटलंडला जावं. तिथे हा आकडा सत्तरच्या घरात आहे.

मग शेतात माणूस का दिसला नाही? कारण इथली माणसं रानात राहत नाहीत. ब्रिटनमध्ये शंभर कामकऱ्यांतला जेमतेम एक शेतीत आहे. शेकडो एकरांचं रान एक कुटुंब दोन-तीन यंत्रांवर सांभाळतं. बाकीची माणसं शहरांत. इंग्लंडमधले दर शंभरातले ऐंशीहून अधिक लोक शहरी भागात राहतात, तर २०११च्या जनगणनेत भारतात हे प्रमाण ३१ होतं. आपल्याकडे दर दोन-चार किलोमीटरवर गाव लागतं, गावाबाहेर वस्ती लागते, वस्तीपलीकडे मळ्यातलं एखादं घर आणि त्याच्या अंगणात बांधलेली म्हैस दिसते. माणूस सगळीकडे सारखा पेरल्यासारखा वाटतो. इंग्लंडमध्ये तीच माणसं ठिकठिकाणी ढीग करून ठेवली आहेत आणि मधलं रान मोकळं सोडलं आहे. माणसं कमी नाहीत, मांडणी निराळी आहे.

ही मांडणी आपोआप झालेली नाही, त्यात कायद्याचाही हात आहे. लंडन पसरत पसरत सगळा परिसर गिळून टाकेल, अशी भीती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वाटू लागली होती. म्हणून १९३८ आणि १९४७च्या कायद्यांनी लंडनभोवती 'ग्रीन बेल्ट', म्हणजे हिरवा पट्टा राखायची सोय झाली. या पट्ट्यात घरं बांधायला सहसा परवानगी मिळत नाही. आबांनी वाटेत पाहिलेलं बरंचसं रान असं राखीव आहे. तिथे माणूस राहू शकत नाही असं नाही; त्याला राहू दिलेलं नाही. रिकामी दिसणारी प्रत्येक जागा निसर्गानेच रिकामी ठेवलेली असते असं नाही, एवढं इथेच लक्षात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

दुसरा गैरसमज असा की जगात जागा कमी आहे म्हणून दाटी होते. याला एक गमतीचा हिशेब करून बघा. मुंबई उपनगर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमागे वीस हजारांहून जास्त माणसं राहतात. त्याच दाटीने राहायचं ठरवलं, तर जगातली आठशे कोटींहून अधिक माणसं महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन राज्यांत मावतील, आणि बाकी पृथ्वी ओस पडेल! अर्थात ही माणसं खाणार काय, पिणार काय, हा प्रश्न उरतोच. तेव्हा माणसाला झोपायला किती जागा लागते यापेक्षा त्याचं पोट कुठून भरतं, हे विचारायला हवं.

पोटाचा विचार आला की निसर्ग आलाच, आणि तुमच्या हवामानाच्या शंकेचं अर्धं उत्तर इथे मिळतं. निसर्ग आधी नकाशावर फुल्या मारत जातो. अंटार्क्टिकावर फुली, कारण तिथे बर्फच बर्फ. सहारावर फुली, कारण पाणी नाही. सायबेरिया आणि कॅनडाच्या उत्तर भागावर फुली, कारण वर्षातले बरेच महिने जमीन गोठलेली. कॅनडा केवढा मोठा देश, पण तिथले बहुतेक लोक अमेरिकेच्या हद्दीलगतच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतात. इजिप्तचा नकाशा तर आणखी बोलका आहे. देशातले शंभरातले पंचाण्णव लोक जमिनीच्या शंभरातल्या पाचेक भागावर, म्हणजे नाईलच्या काठाने आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात राहतात. विमानातून रात्री पाहिलं तर नदीच दिव्यांची काढल्यासारखी वाटते.

पण 'जिथे पाऊस जास्त तिथे माणसं जास्त' एवढा सोपा हा नियम नाही. त्यासाठी आबांच्या जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. पूर्वेला माण, जिथे पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. मध्ये कराड, सातशेच्या आसपास पाऊस आणि कृष्णा-कोयनेचा संगम. सगळ्यात दाट वस्ती कुठे? कराडला. महाबळेश्वरात पाऊस माती धुऊन नेतो, उतारावर शेत टिकत नाही. माणमध्ये शेत आहे, पण पाण्याची वाट बघत बसलेलं. कराडला महाबळेश्वराच्या डोंगरावरचं पाणी नदीतून सपाट काळ्या रानात येतं. माणसाला पाऊस लागत नाही, पाणी लागतं. आणि तेही सपाट, कसदार जमिनीपर्यंत वेळेवर आलेलं.

जाता जाता आणखी एक सांगतो, आबांना फोनवर जरूर सांगा. मिल्टन कीन्सला वर्षाला जेमतेम साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कराडपेक्षाही थोडा कमीच! तरी रान हिरवं, कारण हा पाऊस बारा महिने भुरभुरत राहतो आणि ऊन कोवळं असल्यामुळे पाणी लवकर उडून जात नाही. आपल्याकडे चार महिन्यांत आठ-दहा दणके देऊन तो निघून जातो, आणि पुढचे आठ महिने सूर्य जमीन भाजत असतो. पावसाच्या आकड्यापेक्षा तो कसा पडतो आणि किती टिकतो, याला शेतकरी जास्त महत्त्व देतो.

पाण्याइतकीच मोलाची आहे माती. इंडोनेशियातली दोन बेटं घ्या, जावा आणि बोर्निओ. बोर्निओच्या इंडोनेशियन भागाला कालीमंतान म्हणतात. दोन्ही विषुववृत्ताजवळ, दोन्हीकडे भरपूर पाऊस. तरी देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीवर असलेल्या जावात निम्म्याहून अधिक देश राहतो, आणि प्रचंड कालीमंतान विरळ आहे. फरक ज्वालामुखींचा आहे. जावातले ज्वालामुखी अधूनमधून राख ओकतात, आणि त्या राखेतून नवी, सुपीक माती तयार होत राहते. कालीमंतानात पाऊस हजारो वर्षं जुनी माती धूत आला आहे, त्यामुळे जंगल घनदाट असलं तरी खालची जमीन निकस. आपल्या दख्खनची काळी मातीही लाव्हाच्या खडकापासूनच झालेली आहे. ज्वालामुखी विझला, त्याचं देणं मागे राहिलं.

आता बांगलादेश. हिमालयातून निघालेल्या नद्या हजारो वर्षं गाळ आणून टाकतायत, मोसमी पाऊस ठरल्या वेळी येतो, आणि या दोन्हींना साजेसं पीक म्हणजे भात. चांगल्या पाण्याखालच्या भाताच्या एकरावर जितकी पोटं भरतात, तितकी मेंढ्या चारून कधी भरत नाहीत. मंगोलियाच्या थंड, कोरड्या गवताळ माळावर जनावरं चारण्याखेरीज फारसं काही करता येत नाही, आणि एका कुटुंबाच्या कळपाला मैलोन् मैल कुरण लागतं. गंगेचं खोरं, चीनमधल्या नद्यांची खोरी, जावा, या सगळ्या भागांत शेती फार जुनी आहे. त्यामुळे दक्षिण, पूर्व आणि आग्नेय आशियात मिळून जगातली निम्म्याहून अधिक माणसं राहतात. ती अचानक आली नाहीत, तर पिढ्यान् पिढ्या धान्य पुरत गेलं आणि घरं वाढत गेली.

इथपर्यंत सगळं श्रेय निसर्गाला दिलं. पण हवामानच सगळं ठरवतं असं म्हणाल, तर तुम्हाला तुमच्याच शहरात एक फेरी मारायला लावीन. मिल्टन कीन्सच्या वायव्य कोपऱ्यात ओल्ड वुल्व्हर्टन आहे. तिथल्या चर्चच्या आसपासच्या कुरणात पाहिलंत तर जमीन कुठे उंच, कुठे खोलगट, जणू कुणी गोधडी नीट न पसरता टाकली आहे. ती मोडून गेलेल्या मध्ययुगीन गावाची खूण आहे. एके काळी तिथे घरं होती, सामाईक शेतं होती. पुढे जमीनदार लाँगव्हिल घराण्याने ही जमीन कुंपणं घालून आपल्याकडे घेतली. १६५४पर्यंत सगळा परिसर असा बंदिस्त झाला. कुळांचे कसण्याचे आणि चराईचे हक्क गेले, माणसं पोटापाठी निघून गेली, आणि गाव मोडलं.

पाऊस तोच होता, माती तीच होती, नदी तिथून हलली नव्हती. तरी गाव रिकामं झालं. असंच पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मोठ्या प्रमाणावर घडलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावलं, कित्येक घरं समुद्रापार कॅनडाला गेली. आज पर्यटक त्या ओसाड दऱ्यांचे फोटो काढून 'काय अस्पर्श निसर्ग!' म्हणतात. तो अस्पर्श नाही, माणसं काढून घेतलेला आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांची आठवण असलेल्या सातारकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता त्याच वुल्व्हर्टनची दुसरी गोष्ट. लंडन ते बर्मिंगहॅम हा सुमारे १८० किलोमीटरचा लोहमार्ग १८३८ साली सुरू झाला. त्या काळची इंजिनं एवढं अंतर एका दमात तोडतील असा भरवसा नव्हता. तेव्हा निम्म्या वाटेवर इंजिन बदलायला, तपासायला एक जागा हवी होती. मधोमध काय होतं? वुल्व्हर्टनचं हेच मोकळं रान. कंपनीने तिथे कारखाना उभारला, कामगारांसाठी एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळी बांधल्या, प्रवाशांसाठी खानपानाची सोय केली. उतारूंना दहा-एक मिनिटं मिळत. तेवढ्यात पोटात काहीतरी ढकलून ते पुन्हा गाडी पकडत. कुंपणांनी रिकामं केलेलं गाव अवघ्या मैलभर अंतरावर इंजिनाने पुन्हा भरलं. रेल्वे कामगारांच्या लाल विटांच्या घरांच्या ओळी तिथे आजही दिसतात.

आता आबांच्या पहिल्या नोकरीपर्यंत आपण आलो. पहिली नोकरी सहसा तिथे निघते, जिथे प्रवास किंवा माल थांबावा लागतो. नदीचा उतार, पूल, संगम, बंदर, घाटाचा पायथा, निम्मी वाट. लंडनचंच बघा. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांना थेम्स नदीवर पूल बांधायचा होता. नदी पूल बांधण्याइतकी अरुंद हवी, आणि समुद्रातली जहाजं भरतीबरोबर आत येतील इतकी खोलही हवी. या दोन्ही अटी जिथे जुळल्या, तिथे पूल झाला. मग जहाजातून माल उतरवणारा हमाल आला, तो साठवणारा व्यापारी आला, कर घेणारा अंमलदार आला, या सगळ्यांना भाकर-तुकडा देणारी खानावळ आली. लंडनमधली पहिली नोकरी बहुधा पाठीवर पोतं वाहण्याची असावी.

त्या पुलापासून रोमनांनी रस्ते काढले. त्यातला एक वायव्येला निघाला, तोच 'वॉटलिंग स्ट्रीट'. तुम्ही मिल्टन कीन्समध्ये ज्याला व्ही-फोर म्हणता, तो याच रस्त्याचा तुकडा! त्याच रस्त्यावर नदी ओलांडायची जागा म्हणून स्टोनी स्ट्रॅटफर्ड वसलं. नावातल्या 'स्ट्रॅटफर्ड'चा अर्थच रस्त्यावरचा नदी-उतार. घोडागाड्यांच्या काळात तिथे मुक्कामाच्या सराया चालत. सरायांची नोकरी, मग इंजिनाची नोकरी, दोन्ही वाटेवरच्या थांब्याच्या. आपल्याकडे कराड संगमावर आहे, वाई घाटाच्या तोंडाशी आहे, आणि मुंबई खोल पाण्याच्या बंदरावर आहे. यात नवल काहीच नाही.

एकदा पहिला माणूस थांबला की पुढचं चक्र आपोआप फिरतं. मुंबईत १८५३ साली रेल्वे सुरू झाली, १८५०च्याच दशकात पहिली कापडगिरणी निघाली, आणि कोकणातली, घाटावरची माणसं तिकडे निघाली. त्यांना मुंबईची जमीन सुपीक आहे की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. आधी गेलेला गाववाला खोलीत पथारी टाकायला जागा देत होता, ओळखीने गिरणीत चिकटवत होता. पाटण-जावळीच्या डोंगरांतली माणसं अशीच मुंबईच्या बाजारांत माथाडी झाली. माणमध्ये पाणी नाही म्हणून माणूस बाहेर पडला खरा, पण तो जिथे पाणी भरपूर आहे अशा महाबळेश्वरी गेला नाही. जिथे त्याच्या गावचं कुणी आधी होतं, तिथे गेला. आपण मराठी मंडळी मिल्टन कीन्सला आलो तेही याच चालीने. एकाला नोकरी लागली, त्याने दुसऱ्याला भाड्याचं घर दाखवलं, तिसऱ्याने विचारलं, "गणपती कुठे असतो?" आणि चौथा पोहे-भाजणी कुठे मिळते हे विचारत दाखल झाला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : सरकार माणसांना मोकळ्या जागी का वसवत नाही? अहो, तुम्ही राहता ती जागा याच प्रयोगाचं फळ आहे! दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये घरांची प्रचंड टंचाई होती. १९४६च्या कायद्याने सरकारला कोरी शहरं वसवायचा अधिकार मिळाला. स्टीव्हनेज हे त्यातलं पहिलं. आबांच्या गाडीला लागलेलं हेमेल हेम्पस्टेडही त्याच यादीतलं, १९४७ सालचं. आणि २३ जानेवारी १९६७ रोजी उत्तर बकिंगहॅमशरमधल्या सुमारे ८९ चौरस किलोमीटर जागेवर मिल्टन कीन्सची घोषणा झाली. उद्दिष्ट होतं अडीच लाख लोकांचं. त्याआधी काउंटीचे मुख्य वास्तुतज्ज्ञ फ्रेड पूली यांनी तिथे मोनोरेलभोवती शहर वसवायची कल्पना मांडली होती. ती मागे पडली आणि मोटारींसाठी किलोमीटर-किलोमीटरवर आखलेल्या एच आणि व्ही रस्त्यांची जाळी आली. सोबत आले गोल चौक, ज्यांत नवा माणूस पहिले सहा महिने तरी गरगरतोच.

पण ही जागा कशी निवडली ते बघा. ती मोकळी होती एवढंच कारण असतं, तर वेल्सच्या डोंगरातली जागा काय वाईट होती? ही जागा लंडन आणि बर्मिंगहॅमच्या मधोमध होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्याही मधली. रोमन रस्ता तिथूनच जात होता, कालवा होता, वुल्व्हर्टन आणि ब्लेचलीची रेल्वे होती, आणि १९५९ साली एम-वन हा मोटारमार्गही शेजारून गेला. म्हणजे सरकारनेही शहर रानात वसवलं नाही, वाटेवर वसवलं. म्हणूनच ते चाललं. न्यूपोर्ट पॅग्नेल, ओल्नी ही जुनी गावं धरून पालिकेच्या हद्दीत २०२१च्या जनगणनेत २,८७,०६० माणसं होती, आणि २०२२ साली या गावाला रीतसर शहराचा दर्जाही मिळाला. तरी आबांना ते शहर वाटलं नसेल, कारण रस्त्याकडेच्या झाडांनी घरं झाकून टाकली आहेत. चौकामागून चौक जातो, गाव दिसतच नाही.

आपल्याकडचा जुळा भाऊ म्हणजे नवी मुंबई. मिल्टन कीन्सनंतर तीनच वर्षांनी, १९७० साली, मुंबईची गर्दी हलकी करायला सिडको स्थापन झाली. जमीन होती, आराखडा होता, तरी पहिली काही वर्षं माणसं बिचकत होती. मग मुंबईतले घाऊक बाजार वाशीला हलवले, आणि बाजारामागून माथाडी आले, त्यांत सातारकर पुष्कळ. १९९२ साली खाडीवरून लोकल वाशीला पोचली आणि मग मात्र वस्ती झपाट्याने भरली. उलट उदाहरणही आहे. इंडोनेशियाच्या सरकारने कित्येक दशकं जावातली कुटुंबं विरळ बेटांवर नेऊन वसवली. लाखो माणसं गेलीही. जावा तरी आजही देशातलं सर्वांत गजबजलेलं बेट आहे, कारण निकस जमिनीवर ओंजळभर भातासाठी कुणी किती वर्षं कंबर मोडायची? नुसती जमीन दिली की माणूस जातो, पण तेवढ्यावर टिकत नाही.

मग नवी शहरं वसवून लंडनची गर्दी हटली का? काही काळ हटली, हे खरं. १९३९ साली लंडनची लोकसंख्या ८६ लाखांच्या घरात होती, ती १९८०च्या दशकात ६८ लाखांच्या आसपास उतरली. पण पुन्हा चढली आणि २०२१ साली ८८ लाखांवर गेली. मुंबईचंही तसंच : नवी मुंबई भरली, जुनी काही रिकामी झाली नाही.

मग ही विषमता पुढे कमी होईल का, असं विचाराल. उलट वाढेल. निम्म्याहून अधिक जग आता शहरांत राहतं, आणि गावाकडची माणसं अजून निघतच आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली, आणि तीही धो-धो पाऊस पडणाऱ्या कोकणात! यावरून 'दाटी म्हणजे गरिबी' किंवा 'मोकळीक म्हणजे श्रीमंती' असा निष्कर्ष मात्र काढू नका. सिंगापूर आणि नेदरलँड्स खूप दाट आहेत आणि श्रीमंतही. आफ्रिकेतला चाड विरळ आहे आणि गरीब. माणसं किती आहेत यापेक्षा त्यांच्या हाताला काम आणि घरात पाणी आहे की नाही, यावर सगळं अवलंबून.

तेव्हा उत्तर थोडक्यात असं. कुठे राहता येणार नाही हे निसर्ग सांगतो. कुठे पोट भरेल हे पाणी आणि माती सांगतात. त्यातल्या कुठल्या जागी माणूस पहिल्यांदा थांबेल हे वाट ठरवते, आणि नंतर माणूसच माणसाला बोलावत राहतो. मध्येच जमीनदार, कायदा किंवा सरकार हात घालतं आणि कुठे गाव मोडतं, कुठे नवं उभं करतं.

पुढच्या उन्हाळ्यात आबा आले की त्यांना लंडन दाखवण्याआधी ओल्ड वुल्व्हर्टनच्या कुरणात न्या. मोडलेल्या गावाचे उंचवटे दाखवा, तिथून चालत रेल्वेच्या लाल विटांच्या घरांपर्यंत या, आणि मग बसने मिल्टन कीन्सच्या मध्यावर जा. तीन-चार मैलांच्या परिसरात रिकामं झालेलं, भरलेलं आणि आखून वसवलेलं, अशी तिन्ही गावं त्यांना एका दुपारी बघायला मिळतील. आणि त्यांना आणखी काही शंका आली, तर ती तुम्ही सोडवत बसू नका, सरळ आमच्याकडे पाठवा.